एक कसोटी आणि तीनशे बळी

माजलगावात कुठल्याही चहाच्या हॉटेलात क्रिकेटचा विषय काढून बघा. पहिला अर्धा तास फलंदाजांतच जातो. कुणाची शतके किती, कुणी कुठे षटकार मारला, कुणाला पंचांनी उगाच बाद दिले. गोलंदाजांची पाळी येते दुसऱ्या चहाला. ती आली की बोलणारेही बदलतात. इतका वेळ गप्प बसलेला, गॅरेजात काम करणारा नाहीतर मोंढ्यात पोती उचलणारा एखादा माणूस पुढे सरकतो आणि मनगट वळवून दाखवतो, "असा टाकायचा बघा!" फलंदाजाचे कौतुक कुणीही करतो. गोलंदाजाची आठवण बहुधा तोच काढतो, ज्याने कधीतरी भर उन्हात वीस पावले धावत येऊन चेंडू टाकलेला असतो.

या महिन्याच्या गप्पा त्या चेंडू टाकणाऱ्यांच्या. घरच्या मासिकात हा विषय कशाला, असे एखादी भगिनी विचारील. त्याचे कारण साधे आहे. घरात आपण मुलांना कुणाच्या गोष्टी सांगतो, त्यावरून मुले ठरवतात की यश कशाला म्हणायचे आणि हार कशाला. आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी क्रिकेटच्या असतात.

आधी एक जुनी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या भागाचा संघ मध्येच बदलला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत माजलगाव निजामाच्या राज्यात होते. नंतरची काही वर्षेही आपण हैदराबाद राज्यातच राहिलो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे आमच्या दादांच्या पिढीसाठी 'आपला संघ' म्हणजे हैदराबाद. आमच्या पिढीसाठी महाराष्ट्र. दादांना फाजल अली कमिशनपेक्षा हे संघ बदलण्याचे दुःख जास्त होते, असे अब्बा गमतीने सांगत.

दादांचा गोलंदाज एकच. गुलाम अहमद. उंच, शांत, उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा. दादांनी त्यांना मैदानावर कधी पाहिले नाही. हैदराबादचा उर्दू पेपर इकडे दोन दिवसांनी यायचा, त्यातून जेवढे कळेल तेवढेच. तरी ते असे सांगायचे, जणू सीमारेषेवर बसून पाहिले आहे. गुलाम अहमद भारताकडून २२ कसोटी खेळले, ६८ बळी घेतले, तीन कसोटींत कर्णधारही झाले. १९५५ साली हैदराबादच्या फतेह मैदानावर पहिली कसोटी झाली, तेव्हा न्यूझीलंडविरुद्ध भारताचे नेतृत्व याच हैदराबादी माणसाकडे होते. पुढच्या वर्षी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाचे सात गडी त्यांनी ४९ धावांत बाद केले.

दादा मात्र हे आकडे सांगत नसत. त्यांना आवडायची ती १९५०-५१ च्या रणजी सामन्याची गोष्ट. समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ. खेळपट्टी फलंदाजांची. त्या सामन्यात गुलाम अहमद यांनी एका डावात ९० हून अधिक षटके टाकली. आज एका दिवसात दोन्ही बाजूंचे सगळे गोलंदाज मिळून कसोटीत ९० षटके टाकतात. तेवढी एका माणसाने, एका डावात. आणि बळी मिळाले चार. दादा चार बोटे वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "चार के वास्ते नव्वद! इसकू बोलते मेहनत."

गुलाम अहमद यांची अजून एक आठवण बॅटची आहे. ऑक्टोबर १९५२. दिल्लीचा फिरोजशाह कोटला. भारत आणि पाकिस्तान यांच्यातली पहिलीच कसोटी. फाळणीला पाच वर्षे झालेली, जखमा ओल्या. भारताचे नऊ गडी बाद झाले आणि अखेरची जोडी मैदानात राहिली : पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद. दोघांनी दहाव्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी ८१ वर नाबाद राहिले. गोलंदाज म्हणून खेळायला गेलेल्या गुलाम अहमद यांनी ५० काढल्या. मग विनू मंकडांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि भारताने ती कसोटी डावाने जिंकली. दहाव्या गड्याचा तो भारतीय विक्रम किती टिकावा? ५२ वर्षे. तो कुणी मोडला, ते पुढे येईलच.

अब्बांच्या पिढीचे नाव सय्यद आबिद अली. तेही हैदराबादचेच. म्हणजे राज्य बदलले तरी आमच्या घराने संघ काही लगेच बदलला नव्हता. आबिद अली मध्यमगती टाकायचे, कुठल्याही क्रमांकावर फलंदाजी करायचे आणि क्षेत्ररक्षण तर असे की त्या काळी भारतीय संघात क्वचितच कुणी एवढे धावायचे. डिसेंबर १९६७ मध्ये अॅडलेडला पहिल्याच कसोटीत त्यांनी ऑस्ट्रेलियाचे सहा गडी ५५ धावांत बाद केले.

पण अब्बांची आठवण २४ ऑगस्ट १९७१ ची. लंडनचे ओव्हल मैदान. अजित वाडेकरांचा संघ. इंग्लंडच्या भूमीवर भारताने त्याआधी एकही कसोटी जिंकलेली नव्हती. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात सहा गडी बाद करून विजय दारात आणून ठेवला होता आणि शेवटचा चौकार निघाला तो आबिद अलींच्या बॅटमधून. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. भारतीय पाठीराख्यांनी त्यासाठी मैदानावर हत्तीण आणली होती, हे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. इकडे गावात गणपती बसलेले, तिकडून रेडिओवर बातमी आली आणि मंडपातल्या लोकांनी आमच्या गल्लीत येऊन पेढे वाटले, असे अब्बा सांगत. चौकार आबिद अलीचा, म्हणून पेढे आधी इकडे. मार्च २०२५ मध्ये आबिद अलींचे निधन झाले. इन्नालिल्लाह. अब्बा असते तर त्या रात्री ओव्हलची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असती.

आता माझ्या पिढीकडे येतो. इथे मला ज्याच्याबद्दल बोलायचे आहे त्याचे नाव ऐकून तरुण वाचक थोडे थांबतील. इक्बाल सिद्दिकी.

इक्बाल सिद्दिकी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. २६ डिसेंबर १९७४ चा जन्म. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा नवा चेंडू त्याच्या हातात असायचा. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली, त्यानंतर आजतागायत नाही. म्हणजे हा माणूस अशा संघासाठी धावत आला, ज्याच्या वाट्याला करंडक नव्हता. पुण्याच्या नेहरू स्टेडियमची खेळपट्टी तर वेगवान गोलंदाजाची परीक्षा पाहणारी. सकाळी थोडा ओलावा असेल तेवढाच काय तो आधार, दुपारनंतर चेंडू गुडघ्याच्या वर येईना. अशा ठिकाणी प्रथम श्रेणीच्या ९० सामन्यांत त्याने तीनशेहून अधिक बळी घेतले.

त्याला भारताची टोपी मिळाली डिसेंबर २००१ मध्ये. मोहालीला, इंग्लंडविरुद्ध. त्या कसोटीत भारताकडून तीन नवे खेळाडू उतरले. केरळचा टिनू योहानन, आपला इक्बाल आणि तिसरा संजय बांगर. बांगरचा जन्म बीडचा. मध्यमगती टाकणारा, फलंदाजीत चिवट. मराठवाड्यातली दोन माणसे एकाच दिवशी भारताकडून कसोटीत उतरली, ही बीड जिल्ह्यातल्या लोकांसाठी केवढी गोष्ट होती, ते आज मोबाइलवर दिवसाला चार सामने पाहणाऱ्या मुलांना कसे सांगावे? रमजानचा महिना होता. रोजे चालू. दुपारच्या झोपा सोडून लोक टीव्हीसमोर बसले होते.

इक्बालला त्या सामन्यात एकच बळी मिळाला. ग्रॅहम थॉर्पचा. पहिल्या डावात त्याने बॅटने २४ धावाही काढल्या. हरभजन आणि कुंबळे यांच्या फिरकीने इंग्लंडला दोन्ही डावांत गुंडाळले आणि चौथ्या दिवशी भारताला जिंकायला हव्या होत्या फक्त पाच धावा. सलामीला दीप दासगुप्ताबरोबर कोण आले? इक्बाल सिद्दिकी! गोलंदाज, तोही पहिलाच सामना खेळणारा, सलामीला. आणि त्या पाचही धावा त्यानेच काढल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. त्या संध्याकाळी इफ्तारला खजूर तोंडात आणि विषय इक्बालचा.

ती त्याची पहिली कसोटी होती आणि शेवटचीही. पुन्हा त्याला भारताकडून खेळायला मिळाले नाही. संजय बांगर पुढे बारा कसोटी खेळला. नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्याने नाबाद शतक काढले, २००२ च्या हेडिंग्लीत सलामीला येऊन द्रविडबरोबर ६८ धावांची ती चिवट खेळी केली, नंतर भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. इक्बाल मात्र परत रणजीकडे गेला आणि पुन्हा चेंडू टाकू लागला. माझ्या दृष्टीने त्याच्या गोष्टीतला सर्वांत मोठा भाग हाच. टोपी मिळाली, दारे उघडली, दारे बंद झाली, आणि माणूस पुढच्या हंगामात पुन्हा तेवढ्याच लांबून धावत आला.

आता झहीर खान. त्याच्याशिवाय ही गप्पा पुरी होणार नाही आणि त्याच्याबद्दल सर्वांना सगळे माहीत आहे, असे सर्वांना वाटते. श्रीरामपूरचा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. श्रीरामपुरातल्याच मराठी शाळेत शिकलेला. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले ते गाव. आपल्या माजलगावासारखेच उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे राहणारे. इंजिनिअरिंगची वाट सोडून क्रिकेटकडे जायचे, या निर्णयात त्याच्या मागे त्याचे वडील उभे राहिले. मुंबईत सुधीर नाईकांनी त्याला हाताशी धरले. मुंबईच्या संघात जागा मिळेना, म्हणून तो बडोद्याकडून रणजी खेळला. २००० च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबीला, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची यष्टी यॉर्करवर उडवली आणि देशाला नवा डावखुरा गोलंदाज मिळाला.

या गोष्टीचा सगळे विसरतात तो भाग मी सांगतो. २३ मार्च २००३. जोहान्सबर्ग. विश्वचषकाचा अंतिम सामना. स्पर्धेत १८ बळी घेतलेल्या झहीरने पहिल्याच षटकात १५ धावा दिल्या. सात षटकांत ६७ धावा, बळी एकही नाही. त्यानंतर दुखापती आल्या, संघातली जागा गेली. २००६ साली तो इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. तिथे कॅमेरे नाहीत, घोषणा नाहीत. थंडीत, तुरळक प्रेक्षकांसमोर त्याने हंगामभर चेंडू टाकला आणि काउंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. धाव कमी केली, ताकद राखून ठेवायला शिकला, चेंडू दुसऱ्या हाताने झाकून धावत येऊ लागला, म्हणजे फलंदाजाला चकाकी कुठल्या बाजूला आहे ते दिसू नये. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमला त्याने कसोटीत नऊ गडी बाद केले आणि भारताने इंग्लंडमधली मालिका जिंकली.

त्याने नवीन शिकणे शेवटपर्यंत सोडले नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि तिथले जुने पाठीराखे आपल्यासारखेच जुन्या पिचरांच्या आठवणी काढत बसतात. त्या खेळात 'नकल बॉल' नावाचा एक प्रकार आहे. चेंडू बोटांच्या पेरांनी किंवा नखांनी धरायचा, म्हणजे तो जवळजवळ न फिरता, हळू आणि डगमगत जातो. फेकणाऱ्याचा हात मात्र जोरातच आलेला असतो, त्यामुळे समोरचा फसतो. झहीरने हा चेंडू क्रिकेटमध्ये घोटला आणि २०११ च्या विश्वचषकात भल्याभल्यांना फसवले. वयाच्या ३२ व्या वर्षी, दशकभर खेळून झाल्यावर, दुसऱ्या खेळातली विद्या शिकायला बसणे ही छोटी गोष्ट नाही.

त्याच स्पर्धेतला ३० मार्चचा उपांत्य सामना. पुन्हा मोहाली, समोर पाकिस्तान. अशा दिवशी आपल्याकडे पाहणाऱ्या काही नजरा कशा असतात, ते वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी भारताच्या पाच गोलंदाजांनी प्रत्येकी दोन बळी घेतले. झहीर, नेहरा, मुनाफ, हरभजन, युवराज. दोन-दोन-दोन-दोन-दोन. वाटणी करायला कुणी बसला असता तरी इतकी सरळ झाली नसती. त्यातला मुनाफ पटेल गुजरातच्या भरूच जिल्ह्यातल्या इखर गावचा, टाइल्सच्या कारखान्यात मजुरी केलेला मुलगा. काही काळ तो आपल्या महाराष्ट्राकडूनही रणजी खेळला. आमच्या गल्लीत तो सामना पडदा लावून पाहिला. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण ओरडले, हे कुणाला मोजायचे असेल तर त्याने मोजावे. आम्हाला तेव्हा वेळ नव्हता.

आणि मग २ एप्रिल, वानखेडे. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा नवा चेंडू झहीरच्या हाती. पहिली तीन षटके निर्धाव. पाच षटकांत सहा धावा, एक बळी. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या षटकाची परतफेड त्याने अशी केली. त्या स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. कसोटीत ३११, एकदिवसीय सामन्यांत २८२. कपिलदेवनंतर तीनशे कसोटी बळी घेणारा तो दुसरा भारतीय वेगवान गोलंदाज. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने निवृत्ती घेतली.

आता दहाव्या गड्याचा तो ५२ वर्षांचा विक्रम. डिसेंबर २००४, ढाका. बांगलादेशविरुद्ध सचिन तेंडुलकर खेळत होता आणि शेवटचा जोडीदार म्हणून झहीर आला. दोघांनी १३३ धावा जोडल्या. सचिन २४८ वर नाबाद राहिला, ती त्याची कसोटीतली सर्वांत मोठी खेळी. झहीरने ७५ काढल्या. अकराव्या क्रमांकावर आलेल्या फलंदाजाची ती तोवरची जगातली सर्वांत मोठी धावसंख्या होती. १९५२ ला अधिकारी आणि गुलाम अहमद, २००४ ला तेंडुलकर आणि झहीर खान. दोन्ही वेळा एका टोकाला मराठी फलंदाज आणि दुसऱ्या टोकाला आपल्या भागातला मुसलमान गोलंदाज. सगळे बाद झालेले, आता काही उरले नाही असे वाटत असताना दोघे उभे राहिले. यावर मी भाषण करत नाही. धावफलक पुरेसा आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, यात घरच्या मुलांचा प्रश्न कुठे आला? तर ऐका.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा. वय एकोणीस. वडील जिनिंगमध्ये कामाला. मुलगा उंच, खांद्यात जोर, टेनिस बॉलच्या स्पर्धांत आसपासच्या तालुक्यांत नाव. कुणाकुणाचे जुने बूट घालून लेदर बॉलवर सराव केला. मागच्या वर्षी निवड चाचणीला गेला. तिथे दोन षटके टाकायला मिळाली आणि यादीत नाव आले नाही. घरी आला, बूट पलंगाखाली सारले आणि बोलणेच बंद केले. अकरावीला एकदा नापास झालेला, पुढचे शिक्षण अर्धवट. त्याची आई एक दिवस आमच्या घरी आली. म्हणाली, "भाईजान, तुम जरा समझाव उसकू. बोलता है, मैं खतम हो गया."

एकोणिसाव्या वर्षी खतम! मी त्याला बोलावले. तो आला, मान खाली. त्याला वाटले असणार, आता हे झहीर खानची गोष्ट सांगतील. ती त्याने शंभरदा ऐकलेली. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात झहीरची गोष्ट हीच झाली आहे : श्रीरामपूरचा मुलगा भारताकडून खेळला, मग तू का नाही? गोष्ट खरी आहे, चांगली आहे, पण मुलाच्या डोक्यावर ती ओझे होऊन बसते. भारताकडून खेळणारा एक असतो. त्याच वयाचे, तेवढ्याच उन्हात पळालेले हजारो असतात. त्यांनी काय करायचे? पलंगाखाली बूट सारून गप्प बसायचे?

मी त्याला इक्बालची गोष्ट सांगितली. मोहालीच्या पाच धावांपर्यंत तो ऐकत होता. मग म्हणाला, "चाचा, एकच कसोटी?"

म्हटले, "हो. एकच."

"मग?"

"मग पुढचा हंगाम. पुन्हा रणजी. सगळे मिळून तीनशेहून जास्त बळी."

तो गप्प बसला. मग हिशोब करू लागला. तीनशे बळींसाठी किती षटके लागतील, किती वर्षे, किती धावायचे. गोलंदाजाला हा हिशोब कळतो. कौतुकाचे शब्द खोटे वाटतील, पण षटकांचा हिशोब त्याला खोटा वाटत नाही. मग मी त्याला दादांची चार बोटे दाखवली. चार बळींसाठी नव्वद षटके.

नंतर काय झाले, तेही सांगतो. चमत्कार काही झाला नाही. त्याची कुठे निवड झालेली नाही. त्याने आयटीआयला फिटरला प्रवेश घेतला आहे आणि संध्याकाळी ईदगाहच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सातवी-आठवीच्या पोरांना चेंडू कसा धरायचा ते शिकवतो. कधी स्वतःही टाकतो. आई सांगते, घरात बोलू लागला आहे, जेवताना भावाशी भांडतोसुद्धा. माझ्या मते हा मुलगा जिंकलेला आहे. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा.

आपल्या दीनमध्ये सब्र आणि शुक्र हे दोन शब्द आपण रोज बोलतो. सब्र म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ आपल्याकडे कधीकधी घेतला जातो. गोलंदाज मला तो अर्थ दुरुस्त करून दाखवतो. त्याच टप्प्यावर, त्याच मेहनतीने, आधीच्या चेंडूवर चौकार बसलेला असतानाही पुन्हा टाकणे, हा सब्र. बळी मिळणे न मिळणे अल्लाहच्या हाती. धावत यायचे मात्र आपल्यालाच. आणि जे चार मिळाले त्याबद्दल शुक्र.

म्हणून आईबापांना, दादा-दादींना एक विनंती. आपल्या घरात क्रिकेटच्या गोष्टी होतातच, तर त्यात फक्त पोहोचलेल्यांची नावे नकोत. प्रत्येक गावात असा एखादा गोलंदाज असतो, जो तालुक्याच्या पलीकडे गेला नाही, पण ज्याच्या चेंडूने अजून लोकांच्या पिंढऱ्या दुखतात. आज तो कुठे एसटीत कंडक्टर असेल, कुठे किराणा दुकान चालवत असेल, कुठे मदरशात शिकवत असेल. त्याला एकदा घरी चहाला बोलवा. मुलांना समोर बसवा. त्याला चेंडू हातात द्या आणि धरून दाखवायला सांगा. बोटांची ती पकड कुठल्या पुस्तकात सापडत नाही. एका हातातून दुसऱ्या हातातच ती जाते. मुलींनाही बसवा. आता मुलीही चेंडू टाकतात, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या दोघींचा यॉर्कर तर भल्या मुलांना खेळता येत नाही.

आज रात्री जेवताना मुलाला एक प्रश्न विचारा. मोहालीला २००१ साली भारताला जिंकून देणाऱ्या त्या पाच धावा कुणी काढल्या? तो मोबाइल काढील, नाव शोधील, एक कसोटी, एक बळी असे वाचून दाखवील. वाचू द्या. बाकीचे तीनशे मात्र तुम्ही सांगा.